बिलियन म्हणजे नक्की किती? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बातम्या, ऑफिसचे मेल, कंपन्यांचे रिझल्ट, युट्यूबचे व्ह्यूज, सगळीकडे बिलियन बिलियन चालू असतं आणि ऐकणारा मनातल्या मनात शून्य मोजत बसतो. मोजेपर्यंत पुढची बातमी सुरू होते. या एका शब्दाबद्दल लोक जे जे विचारतात ते इथे एकत्र केलंय. मला हा शब्द फार आवडतो, कारण त्याच्यामागे पाचशे वर्षांची भांडणं आहेत आणि त्यातली काही अजून मिटलेली नाहीत, म्हणून काही उत्तरं लांबलीत.

आधी सरळ सांगा, १ बिलियन म्हणजे किती?

शंभर कोटी. म्हणजेच १ अब्ज. १ वर ९ शून्य. आपल्या पद्धतीने लिहिलं तर १,००,००,००,००० आणि इंग्रजी पद्धतीने १,०००,०००,०००. आकडा तोच, फक्त स्वल्पविराम वेगळ्या जागी पडतात.

मिलियन, बिलियन, ट्रिलियन पटकन लाख-कोटीत कसे करायचे?

तीन गोष्टी पाठ करा, बाकी सगळं आपोआप येतं. १ मिलियन म्हणजे १० लाख, १ बिलियन म्हणजे १०० कोटी, १ ट्रिलियन म्हणजे १ लाख कोटी. मिलियनचे लाख करायचे तर १० ने गुणा, बिलियनचे कोटी करायचे तर १०० ने गुणा, ट्रिलियनला तर काही करायचंच नाही, जितके ट्रिलियन तितके लाख कोटी. केंद्र सरकारचं २०२५-२६ चं बजेट साधारण ५० लाख कोटी रुपयांचं, इंग्रजी पेपरात तेच ५० ट्रिलियन रुपये असं येतं.

गडबड सगळ्यात जास्त होते ती मिलियनमध्ये, बिलियनमध्ये नाही. डायनोसॉर ६६ मिलियन वर्षांपूर्वी नष्ट झाले असं वाचलं की लोक सरळ ६६ लाख लिहून मोकळे होतात. ६६ मिलियन म्हणजे ६६० लाख, म्हणजे ६ कोटी ६० लाख. एका शून्याने सगळं गेलं ना.

बिलियन हा शब्द आला कुठून?

फ्रान्समधून, आणि चक्क मुद्दाम बनवून. पण त्याच्या आधी मिलियन बघायला लागेल, कारण बिलियन त्याच्यावरच बेतलाय.

लॅटिनमध्ये हजाराला मिले म्हणत. त्याच्या पुढे वेगळा शब्दच नव्हता, दहा लाख म्हणायचं तर 'दहा वेळा शंभर हजार' अशा अर्थाचं लांबलचक बोलावं लागायचं. मग इटालियन लोकांनी मिलेला शेवटी -ओने जोडून मिलिओने केलं. इटालियनमध्ये -ओने लावलं की वस्तू मोठी होते, म्हणजे मिलिओने म्हणजे 'मोठा हजार'. तिथले व्यापारी आणि सावकार मोठमोठे हिशोब ठेवायचे, त्यांना असा शब्द हवाच होता. तिथून तो फ्रेंचमध्ये आणि चौदाव्या शतकात इंग्रजीत गेला.

पण मिलियनच्या पुढे काय? १४७५ मध्ये झेआँ आदाम नावाच्या फ्रेंच माणसाने बायमिलियन, ट्रायमिलियन असे शब्द लिहून ठेवलेले सापडतात. मग १४८४ मध्ये निकोला शुके याने एक अंकगणिताचा ग्रंथ लिहिला आणि त्यात हे शब्द आटोपशीर केले. बिलियन, ट्रिलियन, क्वाड्रिलियन असं करत थेट नऊपर्यंत, नॉनिलियनपर्यंत. बि म्हणजे दोन, त्रि म्हणजे तीन, संस्कृतवाल्यांना ओळखीचंच वाटेल. आणि पुढेही असंच करत जाता येईल असंही त्याने सांगितलं. माझ्या मते ही फार हुशारीची गोष्ट आहे, एकेका संख्येला नाव देत बसण्यापेक्षा नाव बनवायचा नियमच देऊन टाकला.

वाईट एवढंच की शुकेचा ग्रंथ छापलाच गेला नाही. हस्तलिखित तसंच पडून होतं, ते छापलं गेलं थेट १८८० मध्ये. १५२० मध्ये एत्येन द ला रोश याने त्यातला बराचसा भाग आपल्या पुस्तकात घेतला होता, त्यामुळे शब्द मात्र पसरले.

मग शुकेच्या बिलियनमध्येही ९ शून्यच होते का?

नाही! हीच तर सगळी भानगड आहे.

शुकेच्या बिलियनमध्ये १२ शून्य होते. त्याने आकड्यांचे सहा-सहाचे गट पाडले होते. मिलियनला ६ शून्य, मग मिलियन गुणिले मिलियन म्हणजे १२ शून्य, तो बिलियन, कारण मिलियन दोनदा घेतला. तीनदा घेतला की १८ शून्य, तो ट्रिलियन. बि आणि त्रि चा अर्थ इथे अगदी फिट बसतो.

पुढे फ्रान्समध्येच लोक तीन-तीनचे गट पाडून लिहायला लागले, आणि सतराव्या शतकात काही जणांनी प्रत्येक तीन शून्यांना नवीन नाव द्यायला सुरुवात केली. मिलियन ६ वर, बिलियन ९ वर, ट्रिलियन १२ वर. वाचायला सोपं झालं हे खरं, पण बि चा दोनशी असलेला सरळ संबंध तुटला. आजच्या ९ शून्यांच्या बिलियनमध्ये दोन शोधायचेच असतील तर असं म्हणावं लागतं की एक हजार घ्या आणि त्याला हजाराने दोनदा गुणा. जमतं, पण ओढूनताणून.

या दोन पद्धतींना लाँग स्केल आणि शॉर्ट स्केल म्हणतात. आपण लांब मोजणी आणि आखूड मोजणी म्हणू. ही नावं मात्र अगदी अलीकडची, झेनेव्हिएव्ह गिटेल या फ्रेंच गणितज्ञ बाईंनी १९७५ मध्ये दिलेली.

ब्रिटिश बिलियन आणि अमेरिकन बिलियन वेगळे असं शाळेत शिकल्याचं आठवतं, ते अजून खरं आहे का?

आता नाही, पण खूप वर्षं खरं होतं, त्यामुळे तुमच्या घरी जुनी डिक्शनरी असेल तर तिच्यात दोन्ही अर्थ दिलेले असतील.

इंग्लंडने शुकेचा १२ शून्यांचा बिलियन घेतला. जॉन लॉक या तत्त्वज्ञाने सतराव्या शतकाच्या शेवटी आपल्या मोठ्या ग्रंथात हे शब्द याच अर्थाने वापरलेत आणि मोठ्या संख्या डोक्यात ठेवायच्या तर त्यांना नावं लागतातच असा त्याचा मुद्दा होता. अमेरिकेत मात्र ९ शून्यांचा बिलियन रुजला, तिथे १७२९ च्या एका अंकगणिताच्या पुस्तकातच तो दिसतो. म्हणजे एकच भाषा, एकच शब्द, आणि दोन देशांत हजारपटीचा फरक.

विसाव्या शतकात अमेरिकेचा पैसा आणि अमेरिकेचं विज्ञान दोन्ही वाढलं तसं ब्रिटिश पेपरवाले, बँकवाले हळूहळू ९ शून्यांकडे सरकले. शेवटी २० डिसेंबर १९७४ ला रॉबिन मॅक्सवेल-हिस्लॉप या खासदाराने पंतप्रधान हॅरॉल्ड विल्सन यांना लेखी विचारलं की मंत्र्यांनी बिलियन हा शब्द फक्त जुन्या ब्रिटिश अर्थानेच वापरावा असं तुम्ही सांगाल का. विल्सननी नाही म्हणून सांगितलं. जगभर आता हजार मिलियन याच अर्थाने शब्द चालतो, ब्रिटिश मंत्र्यांनी वेगळा वापरला तर गोंधळ होईल, असं कारण दिलं. तेव्हापासून ब्रिटनचा सरकारी बिलियन ९ शून्यांचा.

म्हणजे जुनं इंग्रजी पुस्तक वाचताना काय करायचं?

पुस्तक कुठे छापलंय आणि कधी छापलंय ते बघा. अमेरिकेतलं असेल तर ९ शून्य धरा. १९५० च्या आधीचं लंडनचं असेल तर १२ शून्य असण्याची दाट शक्यता. १९५० ते १९७५ मधलं ब्रिटिश पुस्तक असेल तर नुसत्या शब्दावर विश्वास ठेवू नका, आजूबाजूचा एखादा आकडा घेऊन पडताळा करा. बरेच काळजीवाले ब्रिटिश लेखक त्या काळात बिलियन टाळून 'थाउजंड मिलियन' असंच लिहायचे, ते दिसलं की प्रश्नच मिटला.

जर्मनीला शिकायला गेलेली माझी भाची म्हणते तिकडे बिलियन वेगळा आहे, खरं का?

शंभर टक्के खरं. जर्मनीत ९ शून्यांना मिलियार्डे म्हणतात आणि बिलियोन म्हणजे १२ शून्य. फ्रेंचमध्येही मिलियार आणि मग बिलियाँ. गंमत बघा, आखूड मोजणी फ्रान्समध्येच सुरू झाली, तिथे बराच काळ चाललीही, आणि १९६१ मध्ये फ्रेंच सरकारने अधिकृतपणे परत लांब मोजणी धरली. इटलीनेही १९९४ मध्ये लांब मोजणीच पक्की केली. स्पॅनिशमध्ये ९ शून्यांना बहुतेक करून 'हजार मिलियन' म्हणतात, बियोन म्हणजे १२ शून्यच.

म्हणून जर्मन, फ्रेंच, स्पॅनिश बातमीवरून मराठी करताना हा शब्द जसाच्या तसा उचलला तर आकडा हजारपटीने चुकतो. पुण्या-मुंबईत हल्ली कितीतरी मुलं जर्मन शिकतात, भाषांतराची कामंही घेतात, त्यांनी हे सगळ्यात आधी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावं असं मला मनापासून वाटतं. जर्मन बिलियोन बरोबर इंग्रजी ट्रिलियन बरोबर मराठी एक लाख कोटी.

पोर्तुगीज तर आणखी वरताण. ब्राझीलमध्ये बिल्याँव म्हणजे ९ शून्य, पोर्तुगालमध्ये ९ शून्यांना 'हजार मिलियन' म्हणतात आणि त्यांचा बिलियन १२ शून्यांचा. गोव्यातली बरीच कुटुंबं लिस्बनकडे आहेत, त्यांना बँकेत आणि पेपरात हे भेटतच असणार.

आणि काही भाषांनी अर्धं हे अर्धं ते घेतलंय. रशियन आणि तुर्की लोक ९ शून्यांना मिलियार्ड, मिल्यार म्हणतात, पण त्यांचा ट्रिलियन १२ शून्यांचाच. अरबीतही बहुतेक ठिकाणी असंच.

याचं एखादं खरं उदाहरण द्या ना, नुसतं नियम सांगून लक्षात राहत नाही.

दोन नोटा सांगतो.

पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीत पैशाची पार माती झाली, १९२३ च्या शेवटी १ डॉलरला ४.२ बिलियोन मार्क मोजावे लागत होते, म्हणजे आपल्या भाषेत ४ लाख २० हजार कोटी मार्क. नोव्हेंबर १९२३ मध्ये रेंटेनमार्क नावाचं नवीन चलन आणलं आणि १ रेंटेनमार्क बरोबर जुने १ बिलियोन मार्क असा भाव धरला, एका झटक्यात १२ शून्य उडवले. त्या काळातली सगळ्यात मोठी नोट होती १०० बिलियोन मार्कांची.

आता झिम्बाब्वे. जानेवारी २००९ मध्ये त्यांनी १०० ट्रिलियन डॉलरची नोट काढली, फोटो सगळ्यांनी बघितला असेल, दगडांवर दगड रचलेलं चित्र आहे तिच्यावर.

या दोन्ही नोटांवरची संख्या एकच आहे! १ वर १४ शून्य, म्हणजे कोटी गुणिले कोटी. जर्मन नोट बिलियोन म्हणते कारण तिथे लांब मोजणी, झिम्बाब्वेची नोट ट्रिलियन म्हणते कारण तिथलं इंग्रजी आखूड मोजणीचं. हे एकदा लक्षात आलं की बाकी आयुष्यभर विसरायला होत नाही.

हंगेरीत १९४६ मध्ये तर याच्याही पुढे गेलं. तिथल्या पेंगो या चलनाच्या नोटांवर जागा पुरेना म्हणून बिलियोचा नुसता बी लिहून 'बी-पेंगो' असं नवं माप काढलं, आणि त्यातली १० कोटी बी-पेंगोची नोट लोकांच्या हातात आली. हंगेरीचा बिलियो १२ शून्यांचा, वर १० कोटीचे ८, म्हणजे एकूण २० शून्य.

आपल्या अब्जचं काय? तो बिलियनचं भाषांतर म्हणून नंतर आला का?

उलट. अब्ज फार जुना आहे.

भास्कराचार्यांनी ११५० मध्ये लीलावती लिहिली, त्यात दहा-दहा पटीने वाढणाऱ्या स्थानांची नावं एका श्लोकात दिलीत. एक, दश, शत, सहस्र, अयुत, लक्ष, प्रयुत, कोटी, अर्बुद, अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकु, जलधि, अंत्य, मध्य, परार्ध. मोजत गेलात तर अब्ज बरोबर ९ शून्यांवर येतो आणि परार्ध १७ वर. म्हणजे शुकेने बिलियन लिहिला त्याच्या तीनशेहून जास्त वर्षं आधी आपल्याकडे ९ शून्यांना स्वतःचं नाव होतं, आणि युरोपात त्याच काळात मिलियनलाही धड नाव नव्हतं. भास्कराचार्यांच्या नातवाने त्यांचे ग्रंथ शिकवायला मठ काढला त्याचा शिलालेख आपल्याच चाळीसगावजवळ पाटण्याला आहे, डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो एकोणिसाव्या शतकात उजेडात आणला. जमलं तर नक्की जाऊन या.

पण एक प्रामाणिकपणे सांगायला हवं, आपल्याकडेही नावं जागची हलली आहेत, फक्त युरोपियन लोकच घोळ घालतात असं नाही. लीलावतीत अर्बुद म्हणजे ८ शून्य, त्याच अर्बुदावरून हिंदीतला अरब आला आणि अरब म्हणजे मात्र ९ शून्य. लीलावतीत खर्व १० शून्यांचा आणि आज हिंदीत खरब म्हणजे ११. आपण शाळेत एकं दहं शतं सहस्र दशसहस्र लक्ष दशलक्ष कोटी दशकोटी अब्ज दशअब्ज असं जोडीजोडीने म्हणतो, त्यात खर्व ११ वरच जातो. अब्ज मात्र लीलावतीतही ९ आणि आजही ९.

मग आपण सरळ अब्ज का नाही म्हणत?

म्हणायला पाहिजे! माझं हे ठाम मत आहे. अब्जाधीश हा शब्द आपण रोज वापरतो, पेपरात येतो, मग त्यातला अब्जच तेवढा का अवघड वाटावा.

काय होतं की व्यवहारात आपण कोटीवर थांबतो. दहा कोटी, शंभर कोटी, हजार कोटी, लाख कोटी, असं कोटीलाच पुढे जोडत जातो, आणि त्यात चूक काही नाही, ऐकणाऱ्याला लगेच कळतं. पण बिलियन दिसला की त्याच्या जागी अब्ज लिहिणं सगळ्यात सोपं आहे, कारण गुणाकार करायचाच नसतो. ८ बिलियनचे ८ अब्ज, १३.८ बिलियनचे १३.८ अब्ज. मिलियनलाही दशलक्ष आहेच तसा. भाषांतर करणाऱ्याची चूक व्हायची जागाच राहत नाही. वाचकाला सवय नसेल तर पहिल्यांदा 'म्हणजे इतके कोटी' असं शेजारी लिहा, दोन बातम्यांत सवय होईल.

अब्जाधीश म्हणजे १०० कोटी रुपये असलेला माणूस का?

शब्दावर गेलं तर हो. पण बातम्यांत जो अब्जाधीश असतो तो डॉलरवाला असतो, कारण श्रीमंतांच्या त्या याद्या डॉलरमध्ये बनतात. डॉलरचा भाव ८५ रुपये धरला तर १ अब्ज डॉलर म्हणजे ८,५०० कोटी रुपये. १०० कोटी रुपयेवाला आणि हा, दोघांत ८५ पटीचा फरक.

५ ट्रिलियन डॉलरची अर्थव्यवस्था म्हणजे ५ लाख कोटी रुपये ना?

नाही हो! हे फार जण म्हणतात. ५ लाख कोटी डॉलर. रुपयात करायचं तर परत डॉलरच्या भावाने गुणायचं, ८५ धरला तर ४२५ लाख कोटी रुपये. महाराष्ट्राचं १ ट्रिलियन डॉलरचं जे टार्गेट सांगतात ते त्याच भावाने ८५ लाख कोटी रुपये होतं. आधी शून्यं बदला, मग चलन बदला, दोन्ही एकदम करायला गेलात की काहीतरी सुटतंच.

एक बिलियन म्हणजे किती मोठं हे डोळ्यासमोर कसं आणायचं?

सेकंदांत मोजा. १ मिलियन सेकंद म्हणजे साधारण साडेअकरा दिवस. १ बिलियन सेकंद म्हणजे ३१ वर्षं आणि वर आठेक महिने. १ ट्रिलियन सेकंद म्हणजे ३१,७०० वर्षं. मिलियन आणि बिलियन ऐकायला शेजारी शेजारी वाटतात पण एक गणपतीच्या दिवसांएवढा आणि दुसरा म्हणजे अर्धं आयुष्य.

बाकी ओळखीचे आकडे: जगाची लोकसंख्या १५ नोव्हेंबर २०२२ ला ८ बिलियन झाली असं संयुक्त राष्ट्रांनी धरलं, म्हणजे ८०० कोटी. भारताची १.४ बिलियनच्या वर, म्हणजे १४० कोटींच्या वर. पृथ्वीचं वय ४.५४ बिलियन वर्षं म्हणजे ४५४ कोटी, विश्वाचं १३.८ बिलियन म्हणजे १,३८० कोटी. ऑगस्ट २०२३ मध्ये यूपीआयचे व्यवहार पहिल्यांदा एका महिन्यात १० बिलियनच्या वर गेले, म्हणजे १,००० कोटींच्या वर, आणि त्यात आपल्या कोपऱ्यावरच्या भाजीवाल्या मावशींचे दहा-वीस रुपयेही आले.

बुलियन आणि बिलियन एकच का? सराफा बाजाराला बुलियन मार्केट म्हणतात म्हणून विचारलं.

काही संबंध नाही. बुलियन म्हणजे सोन्याचांदीची लगड, आणि तो शब्द फ्रेंचमधल्या 'उकळणं' या अर्थाच्या शब्दावरून आलाय, धातू वितळवतात म्हणून. बिलन असाही एक शब्द आहे, तो चांदीत भरपूर तांबं मिसळलेल्या धातूला म्हणतात, जुनी नाणी जमवणाऱ्यांना माहीत असेल. त्याचाही आपल्या बिलियनशी संबंध नाही. बिल भरतो ते बिल तर तिसरंच.

जीबी म्हणजे बिलियन बाइट्स का?

हो, मुळात तेच. गिगा हा ग्रीक 'राक्षस' या अर्थाच्या शब्दावरून आलाय आणि १९६० मध्ये आंतरराष्ट्रीय मापपद्धतीत तो ९ शून्यांसाठी पक्का झाला. बिलियनचे दोन अर्थ असताना गिगाचा एकच, म्हणून शास्त्रज्ञांना गिगा, मेगा, टेरा जास्त बरे वाटतात. फक्त कॉम्प्युटरवाले दोनच्या पटीत मोजतात त्यामुळे त्यांच्या हिशोबात कधी कधी १ जीबी म्हणजे १,०७,३७,४१,८२४ बाइट्स होतात. नवीन हार्डडिस्क लावली की डब्यावर लिहिलेल्यापेक्षा कमी दिसते ती यामुळेच, डिस्क बनवणारा ९ शून्यांनी मोजतो आणि विंडोज दोनच्या पटीने.

फॉरेक्सवाले बिलियनला 'यार्ड' म्हणतात ते काय?

हे मला स्वतःला फार आवडतं. करन्सीच्या बाजारात १ यार्ड म्हणजे १ बिलियन. हा यार्ड मोजपट्टीतला नाही, मिलियार्डचं शेपूट आहे. फोनवर सौदे व्हायचे तेव्हा मिलियन आणि बिलियन ऐकायला इतके सारखे की एका अक्षराच्या चुकीने हजारपट नुकसान व्हायचं, म्हणून वेगळाच वाजणारा शब्द धरला. म्हणजे इंग्रजीने जो मिलियार्ड घरात घेतला नाही तो बाजारात मागच्या दाराने आलाच.

रिपोर्टमध्ये एम, एमएम, बीएन असं काय काय लिहितात?

एम म्हणजे मिलियन आणि बीएन किंवा नुसता बी म्हणजे बिलियन. एमएमचं लोकांना कोडं पडतं. रोमन अंकांत एम म्हणजे हजार, दोन एम म्हणजे हजार गुणिले हजार असं धरून काही अकाउंट्सवाले, विशेषतः अमेरिकन, मिलियनला एमएम लिहितात. (खऱ्या रोमन पद्धतीत दोन एम म्हणजे २,००० होतात, पण हिशोबवाल्यांनी आपलं वेगळं ठरवलं.) त्यामुळे त्यांच्याकडे नुसता एम आला तर तो हजारही असू शकतो, रिपोर्टच्या वर टीप असते ती वाचा.

झिलियन किती शून्यांचा?

एकही नाही, तो आकडाच नाही. 'छप्पन्न', 'सतराशे साठ' आपण 'पुष्कळ' म्हणून वापरतो तसा तो बोलण्यातला शब्द. गूगोल मात्र खरा आहे, १ वर १०० शून्य. एडवर्ड कॅस्नर या अमेरिकन गणितज्ञाच्या लहान भाच्याने ते नाव सुचवलं आणि त्याच्यावरूनच गूगल कंपनीचं नाव आलं.

चिनी, जपानी लोक बिलियनला काय म्हणतात?

त्यांच्याकडे बिलियनला एकटा शब्द नाही. ते चार-चार शून्यांचे गट करतात, दहा हजाराला एक शब्द, मग १० कोटीला एक, मग १ लाख कोटीला एक. जपानीत मान, ओकु, चो. त्यामुळे १ बिलियन म्हणजे त्यांचे १० ओकु. ज्यांना जपानी कंपन्यांशी काम पडतं त्यांनी मध्ये इंग्रजीला आणूच नये. सरळ कोटीत करा, १ ओकु म्हणजे १० कोटी, १ चो म्हणजे १ लाख कोटी, आपल्याला ते जास्त सोपं जातं.

इंग्रजीत टू बिलियन म्हणायचं की टू बिलियन्स?

पुढे नक्की आकडा असेल तर टू बिलियन, एस नाही. 'अब्जावधी' असं मोघम म्हणायचं असेल तेव्हा बिलियन्स. मराठीत बोलताना एस लावूच नका, कानाला खटकतं.

परदेशी क्लायंटला कोटेशन पाठवताना कोटी लिहिलं तर चालेल?

समोरचा भारत, नेपाळ, बांगलादेश, पाकिस्तान इकडचा असेल तर चालेल, कोटी सगळ्यांना कळतो. बाकी कुणालाही पाठवताना मिलियन-बिलियनमध्ये लिहा, आणि युरोपमधला क्लायंट असेल तर शब्दाच्या शेजारी पूर्ण आकडा शून्यांसकट टाका. स्वल्पविरामाचीही काळजी घ्या, जर्मनीत स्वल्पविराम दशांश चिन्ह म्हणून वापरतात आणि हजाराचे गट टिंबाने पाडतात, म्हणून तिथे गटांमध्ये नुसती मोकळी जागा सोडलेली सगळ्यात बरी. एक्सेलमध्ये लाख-कोटीचे स्वल्पविराम हवे असतील तर कॉम्प्युटरच्या रिजन सेटिंगमध्ये भारत निवडा, फाइल मात्र समोरच्याच्या कॉम्प्युटरवर त्याच्या सेटिंगप्रमाणे दिसेल, म्हणून महत्त्वाची रक्कम पीडीएफ करून पाठवा आणि खाली अक्षरी लिहा.